पट्टा कोणाचा, कब्जा कोणाचा

पुंजारामकाकांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही, टाचांकडे पाहिलं. मी नमस्कार केला, नाव सांगितलं, शाळेत शिकवते म्हणून सांगितलं. त्यांची मान खालीच. मग म्हणाले, "चप्पल काढ."

मी चप्पल काढली. त्यांनी ती उलटी केली, खिशातून टेप काढून टाचेला लावला आणि चप्पल माझ्यासमोर धरली.

"दीड इंच. आल्या आल्या दीड इंच खोटं बोलली तू."

मी तोपर्यंत एक शब्दही खोटा बोलले नव्हते. पण मान मात्र माझीच खाली गेली.

"गाडी कोनाले पाहिजे?"

"मले, काकाजी."

"तुलेच?"

"हो."

"ठीक. आता खरं सांग."

हे त्यांचं नेहमीचं बोलणं होतं हे मला नंतर कळलं. समोरच्या माणसाचं पहिलं उत्तर ते ऐकूनच घेत नसत. ते उत्तर माणसाने घरून पाठ करून आणलेलं असतं, असं त्यांचं मत होतं.

आदिलाबादला कापूस बाजाराच्या मागच्या रस्त्यावर रहीमभाईंचं गाड्यांची सीटं शिवायचं दुकान आहे. दुकानाबाहेर एक लाकडी बाक असे आणि त्यावर संध्याकाळी चार ते सात पुंजारामकाका बसत. ते जमीन मोजणी खात्यातले निवृत्त चेनमन होते. मोजणीच्या साखळीचं एक टोक धरून काट्याकुट्यांतून, चिखलातून चालणारा माणूस म्हणजे चेनमन. त्या साखळीला आमच्याकडचे म्हातारे अजून निजामाच्या काळातल्या शब्दाने 'जरीब' म्हणतात. भीमपूरपासून तिकडे बेज्जूरच्या जंगलापर्यंत खात्याच्या गाड्या चालवून काकांना कोणता रस्ता कोणती गाडी खातो ते पाठ झालं होतं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यावर त्यांनी स्वतः गाडी सोडली. पण आमच्या तेलंगण-महाराष्ट्र सीमेवरच्या गावांत कुणाला मोटारसायकल घ्यायची झाली की लोक म्हणत, आधी पुंजारामजीला दाखव. गाडी नव्हे. स्वतःला दाखव.

कारण ते गाडीचा नाही, माणसाचा मुआयना करत. मुआयना हा त्यांचा शब्द. कचेरीत अधिकारी येऊन तपासणी करतात तो मुआयना. पाय किती लांब, पंजा केवढा, सकाळी निघताना कोणत्या बाजूला ऊन असतं, घरी गाडी ठेवायला ओटा आहे की उतार, गाडी बंद पडली तर आवाज दिल्यावर कोण येईल, असं काहीबाही विचारत. आणि प्रत्येक उत्तरानंतर डोळे बारीक करून थोडा वेळ गप्प राहत. त्या गप्प राहण्यात बरीच माणसं आपोआप खरं बोलू लागत.

त्यांच्याकडे दोन टेप होते, एक शिंप्याचा कापडी आणि एक लोखंडी. मी एकदा विचारलं, दोन कायले लागतात? तर म्हणाले, "एक दुसऱ्यावर नजर ठेवते." किती वाजले हे ते तीन माणसांना विचारत. रहीमभाईंचा चहा घेत नसत, कारण चहा पाजणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. लग्नाची पत्रिका आली तर मुलीच्या बापाला फोन करून तारीख ताडून बघत. रहीमभाई हसत म्हणायचे, "काकाजी को सूरज पे भी भरोसा नै. सुबे उठके पूरब को जाके देखते, निकला क्या करके."

"दोन जमिनीवाले भांडत असले ना," काका मला एकदा म्हणाले होते, "तं दोघंबी गंगेची शपथ घेऊन सांगतेत का धुरा इथं होता. दोघांच्या बोटाच्या मधात पंधरा हात अंतर. अन् शपथ तं दोघांची एकच. मंग मी कोनाले पुसाचं? धुऱ्याले." धुरा म्हणजे शेताचा बांध.

त्यांच्या बाकावर घडलेली एक गोष्ट मी स्वतः पाहिली आहे. सीमेवरच्याच एका गावचा, कापूसवाल्या घरचा एक पोरगा आला होता. मिशी नुकती कोरलेली. म्हणाला, शेतात जायला गाडी पाहिजे, वावर दूर आहे, खत न्यायचं, फवाऱ्याचा पंप न्यायचा. काकांनी त्याला पाय वर करायला लावला. सँडलचा तळवा निरखला. बोटाने खरवडला. मग बोट त्याच्याच नाकाजवळ नेलं.

"काई मातीच नाई लेका याच्यात. तुह्या पायाले वावर माहीत हाये का?"

"आज धुतली काकाजी."

"धुतली. ठीक. आता खरं सांग."

काकांनी डोळे बारीक केले. रहीमभाईंच्या शिवणयंत्राची सुई तेवढी चालू होती. शेवटी पोरगा हळूच म्हणाला, "मुलगी पाहाले जाचं हाये. तिकडे यवतमाळकडे."

"हां. तं तशी गाडी घे. चमकनारी घे. पन शेताचं नाव सांगू नको. शेतासाठी म्या सांगेन ते गाडी घेऊन गेला तं पोरीकडचे तुले फवारनीवाला समजतीन."

पोरगा खूश होऊन गेला. काका मात्र बराच वेळ त्याच्या पाठीकडे पाहत राहिले. "यवतमाळ म्हनला," ते पुटपुटले. "काऊन म्हनला असन?"

शोरूमवाल्यांशी त्यांचं कायमचं वाकडं होतं, निदान तेव्हा मला तसं वाटायचं. गाडीच्या कागदावर सीटची उंची छापलेली असते. ती ते मानत नसत. एकदा ते टेप घेऊन थेट शोरूममध्ये शिरले आणि तिथल्या तेलुगू पोराला त्याच्याच भाषेत विचारावं म्हणून म्हणाले, "सीट एद्दू एंता?" आता तेलुगूत उंचीला 'एत्तू' म्हणतात आणि 'एद्दू' म्हणजे बैल. आमच्या जिभेला तो फरक चाळीस वर्षं राहूनही जमत नाही. सीटचा बैल केवढ्याचा, असा तो प्रश्न झाला. पोरगा पोट धरून हसला.

"काकाजी, एद्दू होना तो बैलबाजार को जाओ. यहां गाडी मिलती."

"बैलबाजारात दात तरी पाहू देतेत," काका म्हणाले. "तू तं मले सीटबी उचलू देऊन नाई राह्यला."

त्यांनी सीट उचलायला लावली, गाडी सरळ उभी करून टेप लावला. माप छापल्याप्रमाणेच निघालं. काकांचा चेहरा उतरला. पुन्हा मोजलं, दुसऱ्या टेपने मोजलं. तेच. बाहेर येऊन रहीमभाईंना सांगताना म्हणाले, "एवढं बरोबर काऊन निघालं? काहीतरी हाये." त्या दिवसापासून शोरूममधली पोरं त्यांना मागून 'एद्दू काकाजी' म्हणू लागली. त्यांना ते माहीत होतं. त्यांनी कधी त्यांना अडवलं नाही.

आता माझं सांगते. आमचं घर भाजीपाल्याचं. बाबा आणि माझा मोठा भाऊ संजूदादा वांगी, भेंडी, मेथी लावतात. घरातून पदवीपर्यंत गेलेली मी पहिली. दादाने दहावीत शाळा सोडली ती बाबांना मदत म्हणून, आणि म्हणून मी शिकू शकले. हे मी विसरलेले नाही. पुढचं सगळं वाचताना वाचणाऱ्यांनीही विसरू नये.

मला भीमपूर मंडलातल्या आतल्या एका वस्तीवरच्या शाळेत कंत्राटी शिक्षिका म्हणून जागा मिळाली. फाट्यापर्यंत बस येते, तीही सकाळी दहाला. फाट्यापासून आत सहा किलोमीटर काळ्या मातीचा कच्चा रस्ता आणि मधे एक नाला. हजेरी नऊला. माझ्याआधी दोन शिक्षिका वर्षभरात सोडून गेल्या होत्या. मुख्याध्यापक पहिल्याच दिवशी म्हणाले, "बाई, वेळेवर यायचं जमत असेल तरच राहा. मुलांना सारखे नवे चेहरे दाखवायचा मला कंटाळा आला आहे."

बाबा म्हणाले, "संजू सोडत जाईन तुले." दादानेही मान डोलावली. मित्राची गाडी मागून आणून त्याने मला दोन आठवडे सोडलं. त्या दोन आठवड्यांत मी निम्मे दिवस उशिरा पोचले. कधी तो उठलाच नाही, कधी वाटेत पानठेल्यावर गप्पा, कधी म्हणाला आधी बाजारात वांगी उतरवू. मुख्याध्यापकांनी मला बोलावून एवढंच म्हटलं, "या महिन्यात असंच राहिलं तर मी वर कळवतो." मला गाडी चालवता येत होती. कॉलेजातल्या मैत्रिणीच्या वडिलांच्या मोटारसायकलवर शिकले होते. म्हणून ठरवलं, पगारातून हप्ते फेडून गाडी घ्यायची. दादाने शोरूममधली लाल गाडी पाहूनही ठेवली. पुढे झुकलेली, मागून उंच उचललेली. "वने, हेच घेऊ," तो म्हणाला. "तुले सोडून मी बाजाराची कामंबी करीन." मी त्या गाडीवर बसून पाहिलं होतं. माझे पाय जमिनीपर्यंत पोचत नव्हते.

चप्पल काढलेल्या पायांनी मी काकांपुढे उभी होते ती हे सगळं घेऊन. त्यांनी मापं घ्यायचं ठरवलं, पण मला हात लावणं दूरच, ते माझ्याकडे पाठ करून बसले. रहीमभाईंच्या बायकोला आतून बोलावून तिच्या हाती टेप दिला. ती मोजायची आणि आकडा मोठ्याने सांगायची. काका पाठमोरेच म्हणायचे, "आणखी एकबार." ती वैतागून म्हणाली, "काकाजी, लडकी के पांव घंटे में बढते नै."

मग त्यांनी विचारलं, "संगं काय नेतं?"

"वह्या, पुस्तकं, डबा."

"पिशवी दाखव."

पिशवीत वह्यांच्या खाली तीन किलो भेंडी निघाली. बाबांनी फाट्यावरच्या हॉटेलवाल्याला द्यायला सांगितली होती, ती सकाळी राहून गेली होती.

"शाळेत भेंडी शिकवतं का वं तू?"

रहीमभाई आत खुसखुसले. मला रडू यायचं बाकी राहिलं होतं. काकांनी भेंडी हातावर तोलली आणि तिचं वजन मनात धरलं. "रस्ता कसा हाये ते सांगू नको," ते म्हणाले. "रस्ता घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी मी प्लॅस्टिकच्या पिशवीत त्या रस्त्याची माती घेऊन आले. त्यांनी ती तळहातावर घेतली, बाटलीतलं पाणी घातलं, मळून गोळा केला आणि रहीमभाईंच्या भिंतीवर फेकला. गोळा चिकटून राहिला. काका बाकावरून त्याच्याकडे पाहत बसले, रहीमभाई काकांकडे. पाच मिनिटांनीही तो खाली पडला नाही.

"स्कूटी बाद," काका म्हणाले. "लहान चाक या मातीत रुतून बसन. अन् जिच्या चाकाले वरचा पत्रा चिपकून हाये ते गाडीबी बाद. मधात माती भरते, चाकच फिरत नाई." चाक आणि मडगार्ड यांच्या मधे चार बोटं गेली पाहिजेत. चाक मोठं पाहिजे आणि सीट बुटकी. साखळीवर पूर्ण झाकण, ओढणी जाऊ नये म्हणून. बटन नाही चाललं तर किक पाहिजे. असं ते एकेक बोलत गेले. मला वाटलं, आता झालं. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "घरी कोन कोन हाये?"

मी सांगितलं. दादाचं नाव आल्यावर ते थांबले. "किती उंच हाये तुहा भाऊ?"

"लय उंच. दाराची चौकट लागते डोक्याले."

"हं," ते म्हणाले. आणि मातीचे हात धुवायला उठले.

चार दिवसांनी त्यांनी गाडी दाखवली ती शोरूमच्या अगदी मागच्या कोपऱ्यातली. तिच्यावर धूळ होती. रंग फिका मेंदीसारखा, तारांची चाकं, मोठा गोल दिवा, एकही चित्र नाही, एकही रेघ नाही. पोस्टमन वापरतात तशी. मी पाहतच राहिले.

"हेच," काका म्हणाले.

"काकाजी, याच्या बाजूची निळी पन तेवढीच..."

"हेच."

"काऊन?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. ज्या माणसाने मला दहा वेळा खरं सांगायला लावलं, तो माझ्या एका साध्या प्रश्नाला उत्तर देत नव्हता. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

घरी दादा भडकलाच. "म्हातारा शोरूमवाल्याशी मिळून हाये," तो म्हणाला. "न विकलेला माल तुह्या गळ्यात बांधून राह्यला. गावात सगळेच म्हनतेत." मी काकांची बाजू घेतली खरी, पण मनापासून नाही. दुसऱ्या दिवशी मी मुद्दामच न सांगता शोरूमवर गेले. काचेतून पाहिलं तर काका मॅनेजरच्या खोलीत बसले होते. समोर चहाचा कप. जे कधी रहीमभाईंचा चहा घेत नाहीत, ते तिथे चहा घेत होते. ते पुढे वाकून हळू आवाजात काहीतरी सांगत होते आणि मॅनेजर हसून मान डोलावत होता. मला पाहताच काका बोलायचे थांबले. कप खाली ठेवला. "काऊन आली?" म्हणाले. जसं काही चूक माझी होती.

मी रात्रभर विचार केला असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी ठरवून टाकलं होतं, लाल गाडीच घ्यायची. दादा खूश झाला. तो सकाळी शोरूमला गेला आणि दुपारी तोंड पाडून आला. लाल गाडी संपली, आता दोन महिने येणार नाही, असं त्याला सांगितलं होतं. माझ्याकडे दोन महिने नव्हते. मेंदी रंगाची गाडी घेण्यावाचून मार्ग उरला नाही.

गाडी रहीमभाईंकडे आणली. काकांनी सीटचा स्पंज पुढून कापायला लावला, बसायची जागा अरुंद केली. हँडल मागे ओढून घेतलं. क्लचची मूठ माझ्या बोटांपर्यंत आणली. गिअरचा पट्टा माझ्या पावलाला जुळवला. आता मी बसले की दोन्ही पाय पूर्ण टेकत होते. "पर स्पंज इत्ता क्यूं काटना?" रहीमभाईंनी विचारलं, "लडकी को इत्ता नीचा नै होना." काका म्हणाले, "तू काप."

घरी आल्यावर दादाने चावी घेतली. "एक चक्कर मारून येतो." तो गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेला आणि लगेच परत आला. गाडी स्टँडवर लावून त्याने दोन्ही गुडघे चोळले.

"हे गाडी हाये का पाळना? गुडघे कानाले लागून राह्यले. अन् पोट्टे हासून राह्यले ते वेगळंच." मग चावी माझ्या हातात दिली. "तूच चालव बाप्पा. माह्यानं नाई होत."

त्यानंतर त्याने ती गाडी एकदाही मागितली नाही. मी रोज सव्वाआठला निघत होते आणि नऊच्या आत शाळेत पोचत होते. महिना संपला तेव्हा मुख्याध्यापकांनी मला बोलावलं नाही. तीच शाबासकी समजून मी पुढच्या महिन्याचे धडे काढून ठेवले. पण काकांवरचा माझा संशय गेला नव्हता. गाडी चांगली निघाली म्हणजे माणूस स्वच्छ निघाला असं थोडंच असतं.

पहिल्या सर्व्हिसिंगला गेले तेव्हा तोच तेलुगू पोरगा होता. गाडी आत घेताना त्याने सहज सांगून टाकलं. एद्दू काकाजींनीच मॅनेजरला सांगून ठेवलं होतं, उंच पोरगा लाल गाडी विचारत आला तर संपली म्हणायचं. "लाल तो तीन थे उस दिन," तो म्हणाला आणि मागे बोट दाखवलं.

मी गाडी तिथेच ठेवून चालत रहीमभाईंच्या दुकानावर गेले. डोकं तापलं होतं.

"काकाजी, तुमी माह्या भावाशी खोटं बोलायले लावलं?"

"हो."

त्यांनी नाही म्हटलं असतं तर मी भांडले असते.

"बस," ते म्हणाले. मी बसले नाही. "चाळीस वरसं जरीब धरली. साखळीची एक कडीबी कोनासाठी सरकवली नाई. लय लोकांनी सांगून पाह्यलं. तुह्यासाठी सरकवली." मग म्हणाले, "जमिनीत दोन गोष्टी असतेत. पट्टा अन् कब्जा. कागदावर नाव हाये तो पट्टा. नांगर ज्याचा फिरते त्याचा कब्जा. बायांच्या नावचे पट्टे म्या लय पाह्यले. मोजाले गेलो तं वावरात कोन उभा? भाऊ. नाई तं भावाचं पोरगं. बाई धुऱ्यावर पदर घेऊन. तुह्या गाडीचा पट्टा तुह्या नावानं झाला असता. कब्जा कोनाचा झाला असता?"

"माहा भाऊ तसा नाई, काकाजी."

"नसन. मीबी तसा नोतो."

रहीमभाईंचं यंत्र थांबलं होतं.

"माह्या बहिनीच्या नावानं दोन एकर हाये," काका म्हणाले. "बापानं देल्लं. सरकारी पट्टा हाये, तिचं नाव हाये, फोटो हाये. वाहते कोन? माहा पोरगा. त्याच्या आंधी मी. ती मांगाले आली नाई अन् म्या देल्लं नाई. वाईट म्हनून नाई. घरात बैल होते, नांगर होता, दिवस निघून गेले." त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच सरळ पाहिलं. "म्हनून तुह्या भावाले बसताच येऊ नये अशी गाडी पाह्यली. रंगबी तसाच पाह्यला. मानसाले लाज वाटली ना, का कब्जा सुटते."

मला दादाचा अपमान झाल्यासारखं वाटत होतं, आणि त्याच वेळी घड्याळात नऊ वाजायच्या आत शाळेच्या दारात उभी असलेली मीही दिसत होते. मी आभार मानले की नाही हे आठवत नाही. बहुतेक मानले नाहीत.

पुंजारामकाका मागच्या उन्हाळ्यात गेले. रहीमभाईंचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. त्यांच्या बहिणीच्या वावराचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. अंत्यविधीला गेले होते तेव्हा एक म्हातारी ओसरीच्या टोकाला बसलेली पाहिली. तीच असेल असं वाटलं. विचारायची हिंमत झाली नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या काही महिने आधी, हिवाळ्यात. शाळा सुटल्यावर नाला ओलांडून फाट्यावर आले तर हॉटेलसमोर काका उभे. सकाळच्या दहाच्या बसने आले होते आणि दिवसभर तिथे बसून होते.

"काकाजी, इथं?"

"सकाळी तं तू दाखवाले चालवशीन," ते म्हणाले. "संध्याकाळी कोन घ्याले येते ते पाहाचं होतं."

मला उतरवून त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. मग गुडघे वाकवून, मी सीटवर बसल्यावर माझं डोकं जिथे येतं तिथे आपलं डोकं आणलं आणि आरशात पाहिलं. मोतीबिंदूच्या डोळ्यांना काय दिसलं कोण जाणे. बराच वेळ पाहिलं. सरळ होत म्हणाले, "आरसा तुह्याच डोळ्याचा हाये." म्हणजे दुसऱ्या कुणी गाडी चालवून तो आपल्यापुरता फिरवून घेतलेला नव्हता.

ते बरं वाटल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. बस यायला अजून तासभर होता. मी म्हटलं, "बसा ना काकाजी मागं. आदिलाबादपर्यंत सोडते."

"नाई. मांगच्याचं वजन म्या धरलं नोतं."

"एकच दिवस हाये काकाजी. तुमचं वजन ते किती!"

"तुह्या मोजनीत मी नाई," ते म्हणाले आणि काठी टेकत चालू लागले. मी हळूहळू त्यांच्या बाजूने गाडी नेऊ लागले तर काठी उगारली. "जाय. घरी जाय."

मी पुढे गेले. वळणावर थांबून मागे पाहिलं. त्यांच्याजवळ एक मोटारसायकलवाला थांबला होता, बसा म्हणत असावा. काका त्याला काहीतरी विचारत होते. तो एकटाच गाडी मारून निघाला आणि माझ्याजवळ येऊन हळू झाला.

"कोन म्हातारा हाये वो बाई हा? बसा म्हनलं तं म्हने लायसन दाखव."

मला हसू आलं आणि ओळख सांगायची राहूनच गेली. तो निघून गेला. दूर रस्त्याच्या कडेने काका पायीच येत होते, आणि समोरून कुणी आलं की आधी थांबत, त्याला नीट पाहून घेत, मगच पुढचं पाऊल टाकत.